सांता रिता वळणावर थांबली

माझा नवरा कासिमिरो गाड्यांचा कारागीर आहे. त्याच्या हातात खोट काढायला जागा नाही, खोट आहे ती त्याच्या नटवेपणात. आरशासमोर तो माझ्यापेक्षा जास्त वेळ उभा राहतो, आणि गाडीच्या बॉनेटसमोर त्याहून जास्त.

मी मिहिंग. मी रेडिएटर दुरुस्त करते. आमच्या तातांगना, म्हणजे वडिलांना, मुलगा नव्हता. म्हणून त्यांनी आम्हा दोघी बहिणींना कथलाचा डाग द्यायला शिकवलं. थोरलीने पुढे दुकान टाकलं, मी डाग देत राहिले. आमच्या घरापुढच्या शेडमध्ये डावीकडे मिरोची इंजिनं आणि उजवीकडे माझे रेडिएटर, अशी बत्तीस वर्षांची वाटणी आहे. आग त्याची, पाणी माझं. इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या नळ्या मात्र नेमक्या कोणाच्या, हे आमच्या लग्नात कधीच ठरलं नाही.

मिरोची स्वतःची एक लाल गाडी आहे. जपानहून वापरून आलेली, इकडच्या रीतीप्रमाणे स्टिअरिंग डावीकडे नेलेली, दोन सीटची, आणि इतकी बुटकी की आधी रस्त्यावर बसायचं आणि मग पाय आत ओढायचे. तिच्यात त्याने मोठ्या गाडीचं सहा सिलिंडरचं इंजिन कोंबलंय. ही गाडी तो रिकाम्या धावपट्टीवर सरळ रेषेत पळवतो आणि आंहेलेस शहरातल्या गाड्यांच्या प्रदर्शनात उभी करतो. तिथे हल्ली फॅशन अशी की बॉनेट उघडल्यावर आत इंजिनाखेरीज काही दिसता कामा नये. वायर नको, नळी नको. इंजिन कसं पाण्यावाचून, विजेवाचून जगणाऱ्या तपस्व्यासारखं एकटं चकचकत बसलेलं पाहिजे.

म्हणून मिरोने एप्रिलमध्ये पाण्याची मोठी नळी इंजिनावरून काढली आणि उजव्या चाकाच्या पोकळीतून वळवून नेली. मी रेडिएटर बसवायला गेले तेव्हा मला ती दिसली.

"मिरो, ही नळी चाकाजवळून नेलीस?"

"नेली. वरून दिसते का?"

"वरून नाही दिसत. चाकाला दिसेल."

"चाकाला डोळे नसतात, मिहिंग."

"दात असतात. तातांग काय सांगायचे? पाण्याच्या नळीला तिघांपासून लांब ठेवायचं. तापणाऱ्यापासून, हलणाऱ्यापासून आणि धारदारापासून."

"तातांगनी जन्मभर भाताच्या मिलची इंजिनं केली. मिलला कोणी बक्षीस देतं का?"

मग त्याने मला दाखवायला म्हणून गाडी जॅकवर चढवली, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं आणि म्हणाला, "बघ, चार बोटं अंतर आहे." मी म्हटलं, अरे, जॅकवर चाक खाली लोंबतं. गाडी जमिनीवर ठेव, आत दोन माणसं बसव, मग चाक वर येईल, आणि मग बोटं मोज. तो म्हणाला, "सरळ पळणारी गाडी आहे. तिला एवढं वळायचंय कशाला?" पालथ्या घड्यावर पाणी. मी गप्प बसले, आणि त्यात माझंही चुकलं हे मी आजही कबूल करते.

मे महिन्यात आमच्या गावात सांता रिता या संतीणबाईचा सण असतो. बावीस तारखेला तिच्या मूर्तीचा रथ गावभर फिरतो, आणि तो ओढायचा मान गेली दहा वर्षं एपिफानियोच्या जीपकडे होता. सणाच्या चार दिवस आधी त्या जीपचा गिअरबॉक्स मोडला. फादर आर्सेनियो आमच्या शेडमध्ये आले आणि "कासिमिरो, तुझ्याकडे काही ओढणारं..." एवढंच म्हणाले. पुढचं वाक्य त्यांना बोलावं लागलं नाही. मिरोने हो म्हणून लाल गाडीला मागून हुक जोडायला घेतलासुद्धा.

आमच्याकडे संताचा रथ वाटेत थांबला तर लोक गाडी बिघडली असं म्हणत नाहीत. संताने पुढे जायला नकार दिला, असं म्हणतात. अकरा वर्षांपूर्वी बेनितो वेल्डरचा ट्रक देवळापासून शंभर पावलांवर बंद पडला. त्यानंतर त्याच्याकडे कोणी गेटची कडीसुद्धा जोडायला नेली नाही. आता तो तारलाक शहरात लोंगानिसा, म्हणजे डुकराच्या मांसाचे सॉसेज, विकतो, आणि तीही बायकोच्या नावाने. सांता रिताने ज्याला नाकारलं त्याच्या वर्कशॉपमध्ये कोण गाडी घालणार? रथ फिरून देवळात परत आला तर मिरोचं नाव होणार होतं, आणि नाही आला तर आमची शेड बंद.

त्यामुळे मी जीव तोडून काम केलं. धावपट्टीवर पळणाऱ्या गाडीला वारा मिळतो, मिरवणुकीत बँडमागे रांगणाऱ्या गाडीला कुठला मिळणार? मी रेडिएटर नवा केला, पुढे दोन पंखे लावले, पाणी स्वतः भरलं, हवा काढली. मिरो म्हणाला, "झकास. आता बॉनेट उघडं ठेवूनच फिरवूया, लोकांना इंजिन दिसेल." मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. बॉनेट बंद राहिलं.

चार वाजता मिरवणूक निघाली. पुढे बँड, मग बायका मेणबत्त्या घेऊन, मग आमची लाल गाडी, आणि तिच्यामागे गुलाबांनी मढलेली सांता रिता. फादरांच्या गुडघ्याने ऐनवेळी संप केला, म्हणून ते मिरोशेजारी गाडीत बसले. फादर अंगाने भरलेले आहेत. ते बसल्याबरोबर गाडी उजवीकडे अशी खचली की मागून पाहणाऱ्याला वाटावं गाडी पाया पडतेय. मी हत्यारांची पिशवी घेऊन बाजूने चालत होते. एपिफानियो दोराचं भलंमोठं वेटोळं खांद्यावर घेऊन माझ्या मागेच होता.

"हा दोर कशाला, कोया?" मी विचारलं. कोया म्हणजे दादा.

"असू दे गं. कोणाला तरी फाशी घ्यायची असली तर."

"तुमच्या गिअरबॉक्सला आणलाय होय?"

तो दात काढून हसला. पण तासाभरात त्याचा चेहरा उतरला, कारण गाडी सुरेख चालली होती. तापमानाचा काटा निम्म्याच्या वर जात नव्हता. मिरो एक हात खिडकीबाहेर काढून, बिशपने आशीर्वाद द्यावा तसा लोकांना हलवत होता. मला त्याचा राग आला आणि अभिमानही वाटला.

मग आलं आत्सी पेलिंगचं वळण.

पेलिंग माझी थोरली बहीण, आत्सी म्हणजे ताई. त्या वळणावर तिचं दुकान आहे. साबण, सार्डिनचे डबे, बर्फाच्या कांड्या, आणि दारात मोठ्या पातेल्यात उकडणारी मक्याची कणसं. नऊ वर्षांपूर्वी तिने दुकानापुढे दोन लोखंडी पाइप रोवून पत्र्याची शेड काढली, ती चांगली हातभर रस्त्यात. मी म्हटलं, आत्सी, वळण अरुंद होतंय. ती म्हणाली, तुझ्या जिभेने होतंय. मी गावच्या कप्तानाकडे, म्हणजे सरपंचाकडे, तक्रार केली. तिने माझ्या मुलीच्या लग्नाला यायचं टाळलं आणि भेट म्हणून पत्र्याचा एक तुकडा पाठवला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. घरं दोनशे पावलांवर, तरी निरोप शेजाऱ्यांतर्फे. मी आधी बोलणार नाही अशी मी शपथ घेतली होती, आणि तिने तीच शपथ माझ्या आधी घेतली असणार, कारण ती थोरली आहे.

त्या शेडमुळे रथ वळवायला मिरोला स्टिअरिंग उजवीकडे पार शेवटापर्यंत फिरवावं लागलं. आत फादर बसलेले, चाक वर दाबलेलं. मला आधी वास आला. रबराचा. मग एक फुस्स झालं, आणि लाल गाडीच्या उजव्या अंगातून पांढऱ्या वाफेचा लोट निघाला तो थेट सांता रिताच्या पायांपर्यंत. मिरोने तत्काळ इंजिन बंद केलं, एवढी अक्कल त्याला आहे. फादर दारातून लोटांगण घालत बाहेर आले. बँडचं एकेक वाद्य थांबत गेलं, ढोलवाल्याला सगळ्यात शेवटी कळलं.

एपिफानियोने खांद्यावरून दोर उतरवला.

आणि तेवढ्यात मेणबत्तीवाली एक म्हातारी म्हणाली, "पेलिंगच्या दारात थांबली."

दुसरी म्हणाली, "भांडणाऱ्या घरांची संत आहे ती. उगाच थांबली नाही."

सगळ्यांच्या माना आधी दुकानाकडे वळल्या, जिथे आत्सी पेलिंग डाव हातात घेऊन उभी होती, आणि मग माझ्याकडे. मला क्षणात कळलं की आता दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर संत दोघी बहिणींसाठी थांबली, म्हणजे मिरो तिचा लाडका सारथी. नाहीतर नळी फुटली, म्हणजे मिरो बेनितो वेल्डर. आणि कुठली गोष्ट खरी ठरणार, हे माझ्या तोंडावर अवलंबून होतं. नळीबद्दल मी एप्रिलपासून बरोबर होते. तरी आता चारचौघांत मला शेडबद्दल हार खायची होती, आणि तीही नळी त्याची चुकली म्हणून. असा न्याय फक्त लग्नात होतो.

फादर कपडे झटकत माझ्याजवळ आले. "मिहिंग, किती वेळ लागेल?"

"नळी जोडली तर पंधरा-वीस मिनिटं, फादर."

"मी रोझरी सुरू करतो. पाच दशकं. त्याच्या पुढे मला लोकांना थोपवता येणार नाही, मग रथ दोराने ओढावा लागेल." आणि त्यांनी जपमाळ हातात घेऊन मोठ्याने सुरुवात केली. दहा जपांचं एक दशक.

मिरो गाडीखाली घुसला होता. त्याचे फक्त बूट दिसत होते, आणि बुटांतूनच पडका आवाज आला. "मिहिंग, चाकाने खाल्ली गं. दोन बोटं फाटलीय."

"चाकाला डोळे नसतात ना?"

"आत्ता नको, बाई."

"फाटलेला भाग कापून टाक. मध्ये पाइपचा तुकडा घालून दोन्हीकडून क्लॅम्प आवळू."

"पाइप कुठून आणू?"

नळीची जाडी मला पाठ होती. तसा पाइप त्या वळणावर एकाच जागी होता, आणि तो माझ्या नाकासमोर आत्सी पेलिंगची शेड तोलून उभा होता. पहिलं दशक संपत आलं होतं. मी पिशवीतून हॅक्सॉ काढला आणि दुकानाकडे चालू लागले. लोकांनी वाट दिली. बायका रोझरी म्हणता म्हणता माना उंचावून बघत होत्या, त्यामुळे तोंडातला जप जरा वाकडा पडत होता.

मी समोर जाऊन उभी राहिले. नऊ वर्षांनी काय बोलायचं हे मी कित्येकदा मनात घोळवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आलं नाही.

"आत्सी, तुझ्याकडे गरम पाणी आहे का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "या उकाड्यात? बर्फाचं आहे, पोरी. बादलीभर."

"बर्फाचं नको. इंजिन तापलंय, गार पाणी घातलं तर चिरेल."

"ते मला शिकवतेस? तातांगनी तुझ्या आधी मला शिकवलंय." मग आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "चाकाने नळी कापली ना? वाफ बघूनच कळलं मला. उजव्या पोकळीतून नेली होती गाढवाने."

"कळलं होतं तर मग..."

"लोकांना कळलं नाही अजून. नवरा तुझा आहे. हॅक्सॉ कशाला आणलास?"

मी पाइपकडे बघितलं. तीही बघायला लागली. दुसरं दशक सुरू झालं होतं. ज्या पाइपासाठी ती माझ्या मुलीच्या लग्नाला आली नाही, त्याच्यावर तिने डाव ठोकून पाहिला आणि म्हणाली, "वीतभर पुरेल? काप. उभी नको राहू, तळाशी काप, फक्त जमिनीलगतचं टोक सोड, गंजलंय."

मी मिरोला हाक मारली. तो काळ्या तोंडाने आला, आत्सीला वाकून नमस्कार केला आणि कापायला लागला. हॅक्सॉचा आवाज आणि रोझरी दोन्ही एका लयीत चालली होती. तुकडा निघाल्याबरोबर तो पळत सुटला.

"कानस," मी म्हटलं.

"मिहिंग, तिसरं दशक चालू झालंय."

"धार तशीच ठेवलीस तर पाइपच नळी कापेल. कानस मार."

एपिफानियो मागून म्हणाला, "नखंही कापून घ्या म्हणावं, वेळ आहे." त्याने दोराचं एक टोक रथाला बांधून ठेवलं होतं.

मिरोने मुकाट्याने कडा घासल्या, नळी जोडली, क्लॅम्प आवळले. आता ती चाकापासून लांब ओढून बांधायची होती. बांधायला काही सापडेना. फादरांनी "नमो मारिया" न थांबवता कमरेचा पांढरा दोरा सोडून त्याच्या हातात दिला, आणि पुढची रोझरी झगा एका हाताने धरून म्हटली.

इकडे आत्सीने कणसं ताटात उपसली आणि पातेल्याला एका बाजूने हात घातला, मी दुसऱ्या. मी पाण्यात बोट बुडवून चाखलं.

"मीठ घातलंयस?"

"मक्याला मीठ लागतंच."

"आत्सी, मिठाने माझा नवा रेडिएटर सडेल."

"उद्या धुऊन काढ. आज संतीणबाईला घरी जाऊ दे."

आम्ही पातेलं घेऊन निघालो, पण लोकांनी रस्ता अडवला होता. त्यांना अजून काही मिळालं नव्हतं. दोन बायकांनी पातेलं उचललं, याला कोणी चमत्कार म्हणत नाही. म्हातारी तर स्वच्छ म्हणाली, "मिटलं का मग?" एपिफानियोसुद्धा कान टवकारून उभा होता.

आत्सी पेलिंग ओठ न हलवता म्हणाली, "पातेलं ठेव. मला मिठी मार आणि रड जरा. लोक बघतायत."

"मला असं रडता येत नाही."

"लहानपणी तर फुकटात रडायचीस."

मी तिच्या गळ्यात पडले आणि नाटकी हुंदका काढला. दुसराही काढला. तिच्या मानेला मक्याचा आणि लाकडाच्या धुराचा वास होता, आणि ती नऊ वर्षांत केवढी बारीक झाली होती हे मला लांबून कधी दिसलंच नव्हतं. तिसरा हुंदका मी काढला नाही, तो आपणच आला. मग ते थांबेना. लोक टाळ्या वाजवायला लागले, बायका डोळे पुसायला लागल्या, बँडवाल्याने कोणी सांगितलं नसताना तुतारी फुंकली. एपिफानियोने रथाला बांधलेला दोर सोडायला घेतला. मी मात्र तिच्या खांद्यावर नाक गळेपर्यंत रडत होते आणि तिचा हात माझ्या पाठीवर थोपटत होता.

"पुरे आता," ती म्हणाली. तिचाही आवाज धड नव्हता. "पाणी निवतंय."

पाचव्या दशकाच्या शेवटी मी रेडिएटरमध्ये मक्याचं पाणी ओतलं. नळ्या हाताने दाबदाबून हवा काढली. मिरोने चावी फिरवली. इंजिन एकदा खोकलं आणि लागलं. फादर झगा सावरत पुन्हा आत बसले, गाडी पुन्हा खचली, पण नळी फादरांच्याच दोऱ्याने चाकापासून वीतभर लांब होती. मिरोने स्टिअरिंग शेवटापर्यंत फिरवलं, आणि सांता रिता डुलत डुलत वळली. उरलीसुरली वाफ उजेडात पसरली. उकडलेल्या मक्याचा असा काही वास सुटला की गर्दीतल्या निम्म्या लोकांनी छातीवर क्रूस केला आणि उरलेल्यांना भूक लागली.

रथ देवळात पोचला. मिरोला लोकांनी खांद्यावर घेतलं म्हणतात. आता दरवर्षी संतीण त्या वळणावर थांबलीच पाहिजे, असा गावाचा हट्ट आहे, आणि मिरो तिथे नुसती चावी बंद करतो. नळी मी दुसऱ्याच दिवशी इंजिनावरून, सगळ्यांना दिसेल अशी नेली. प्रदर्शनात परीक्षकाने त्याबद्दल नाक मुरडलं म्हणून तो माझ्याशी चार दिवस बोलला नाही. चार दिवस काहीच नाहीत.

रथ देवळात शिरताना मात्र मी तिथे नव्हते. पाइप कापल्यामुळे शेडचा कोपरा खाली यायला लागला होता, आणि खाली सगळी कणसं मांडलेली. म्हणून गाडी वळल्याबरोबर आम्ही दोघी पळत जाऊन हात वर करून पत्रा धरून उभ्या राहिलो. मिरवणूक निघून गेली. बँडचा आवाज लांब गेला. आत्सीने लेकीला मूल झालं का विचारलं. मी म्हटलं, दोन. धाकटीचं नाव तुझं ठेवलंय, पण तुला सांगायचं नाही अशी सगळ्यांना ताकीद होती. तिने पत्रा जरा आणखी वर उचलला. मग म्हणाली, "नाकही माझंच आहे का?" मी म्हटलं, दुर्दैवाने हो.

हात भरून आले होते. आमच्या पायाशी सरबताच्या बाटल्यांचं रिकामं खोकं पडलं होतं. पायाने ढकलून त्या पाइपखाली सरकवलं असतं तर पत्रा आपोआप तोलून राहिला असता. मला ते दिसत होतं. तिलाही दिसत होतं, तातांगनी आम्हा दोघींना शिकवलंय. दोघींपैकी कोणीही त्याचं नाव काढलं नाही.